समन्स कोणाच्या हाती

नाशिकरोड, जेल
९ मार्च २०२५

शुभे,

आशीर्वाद. शाळा सुटल्यापासून पत्र असं लिहिलं नाय, पण इथं मोबाईल नाय म्हणून बसलो लिहायला. इथले साहेब आधी वाचतात, मग पाठवतात. वाचू दे. मी काय चोरून केलेलं नाय, दिवसाढवळ्या सगळ्या गावासमोर केलंय.

तुला ज्यानं त्यानं आपापलं सांगितलं असंल. आता माझ्याकडून ऐक. ११ फेब्रुवारीला सकाळी मी कांद्याला दारं धरून होतो. बांधावरून जेसीबी येताना दिसला. मागं पोलिसांची गाडी, कोर्टाचा बेलिफ, आणि सगळ्यात मागं आपला चुलतभाऊ दत्तू. कडक इस्त्रीची टोपी घालून, साखरपुड्याला निघाल्यागत. बेलिफानं कागद वाचला. विहिरीपासून नदीपर्यंतचं वावर आणि मळ्यातलं घर जुन्या वाटणीत दत्तूच्या वाट्याला गेलंय, वाल्मीक देवराम कोर्टात हजरच झाला नाय, म्हणून एकतर्फी हुकूमनामा झाला, ताबा सोडा. मी म्हणालो, कसला दावा अन् कसली तारीख? मला एक चिटोरं आलेलं नाय. तो म्हणाला, ते कोर्टाला सांगा, माझं काम ताबा घ्यायचं हाय.

आई आत भाकरी थापत होती. जेसीबीनं पडवीला दात लावला, पत्रे खाली आले, तशी ती पिठाच्या हातानं बाहेर आली अन् दत्तूपुढं उभी राहिली. त्यानं तिला नुसतं बाजूला सारलं असतं तर मी एक वेळ गप राहिलो असतो. त्यानं छातीवर हात टाकून फेकली तिला. ओट्याच्या दगडावर पडली. हाड मोडल्याचा आवाज मी वीस पावलांवरून ऐकला. माझ्या हातात फावडं होतं. पहिला घाव त्यानं मनगटावर झेलला, दुसरा तोंडावर बसला. डावा डोळा गेला म्हणतात. तिसरा पोलिसांनी घालू दिला नाय, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

आता हुकूमनामा रद्द करायचा अर्ज टाकलाय. पिंपळगावच्या संध्या वकीलबाई आपल्याकडून हायेत. त्या म्हणतात, महिन्याच्या आत टाकला, ते बरं केलं. समन्स खरोखर मिळालं नाय असं दिसलं तर कोर्टाला दावा परत उघडावाच लागतो. आपलं तर सरळ हाय. मला कागदच आला नाय.

चार मुलाखती झाल्या. आईला हलता येत नाय, ते कळतं. तू का आली नाय? मनमाडहून गाडीनं यायला कितीसा वेळ लागतो?

वाल्मीक


मनमाड
२१ मार्च २०२५

ती. दादास सा. न.

पत्र मिळालं. दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा वाचवेना.

आईच्या मांडीत सळई घातली आहे. मी म्हटलं, माझ्याकडे चल, क्वार्टर लहान असलं तरी यांना रेल्वेचा दवाखाना आहे. ऐकत नाही. लेकीच्या घरचं अन्न किती दिवस खाऊ, म्हणते. मळ्यातलं घर तर पाडलं, म्हणून गावातलं जुनं घर उघडून तिला तिथे ठेवलं आहे. वर्षातून एकदा उघडणारं घर, पाणी बाहेरून आणावं लागतं. शेजारच्या सिंधुबाई दोन वेळचं बघतात. मी दर शनिवारी जाऊन येते. आई एकच विचारते, मळ्यात कधी जायचं. रोज विचारते. तुटलेल्या पायापेक्षा तिला तेच जास्त लागलं आहे.

मुलाखतीला यायचं मनात होतं. घरात एकेक निघतंच. येईन.

दादा, तुझ्या वकीलबाईंना एक विचार. समजा कागद गावातल्या घरी आला असेल आणि दुसऱ्याच कुणी घेतला असेल, तर कोर्ट काय म्हणतं? मी आपलं सहज विचारते. तू डोकं शांत ठेव. तिथे कुणाशी भांडू नकोस.

शुभांगी


नाशिकरोड, जेल
१४ एप्रिल २०२५

शुभे,

तू सहज विचारलं अन् तेच निघालं बघ. दत्तूनं कोर्टात उत्तर टाकलंय. त्याला बेलिफाचा मागच्या वर्षीचा रिपोर्ट जोडलाय. वकीलबाईंनी वाचून दाखवला. १० मे २०२४, सायखेडा, गावातलं घर. प्रतिवादी मिळून आला नाही, त्याची बहीण शुभांगी हिने समन्स घेऊन सही केली, ओळख वादीने पटवली. खाली तुझी सही.

भडव्यानं तुझी खोटी सही ठोकली. बहिणीची. राखी बांधून घेतो तुझ्याकडून अन् सही ठोकतो. हे ऐकलं अन् त्याच दिवशी बराकीत एकजण मला म्हणाला, तुझ्या बहिणीनंच विकलं असंल तुला. त्याचं डोकं मी नळाच्या कट्ट्यावर तीनदा आपटलं. मला वेगळं ठेवलंय आता. ठेवू दे.

आता तुला एकच करायचंय. कोर्टात यायचं, पिंजऱ्यात उभं राहायचं अन् म्हणायचं, ही सही माझी नाय, मी तो कागद बघितला नाय. बेलिफ गेला खड्ड्यात, त्याची नोकरी जाऊ दे. वकीलबाई म्हणतात, तुमची बहीण शपथेवर सांगंल का? मी म्हणालो, माझी बहीण माझ्यासाठी इस्तवात हात घालंल.

पुढची तारीख जूनमध्ये हाय. लगेच कळव.

वाल्मीक


मनमाड
२७ एप्रिल २०२५

दादा,

सही माझीच आहे.

तीन पत्रं लिहिली आणि फाडली. आज आई झोपल्यावर तिच्या उशाशी बसून मनात सगळं जुळवलं, आणि घरी येऊन लिहिते आहे.

गेल्या वर्षी आखाजीच्या सणाला मी आले होते, आठवतं? आपली मळ्यातली सगळी माणसं त्या दिवशी गावातलं घर उघडतात, पितरांना घास टाकायला. तू आंबे उतरवायला गेला होतास, आई मळ्यातच होती. मी एकटी पुरण वाटत होते. दारात बेलिफ आला, सोबत दत्तूदादा. बेलिफाने विचारलं, वाल्मीक देवराम इथेच राहतो का? दत्तूदादा म्हणाला, हे त्याचंच घर, आणि ही त्याची बहीण, घरचीच आहे, हिच्याकडे द्या. मी हात पुसले आणि सही केली.

मग कागद वाचला. दोनच महिन्यांपूर्वी तू विहिरीच्या पाळीवरून त्याच्या गड्याचा जबडा फोडला होतास. कुऱ्हाड घेऊन दत्तूच्या मागे बांधभर पळालास, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. हा कागद तुझ्या हातात पडला तर त्याच दिवशी मुडदा पडणार हे मला पक्कं ठाऊक होतं. दत्तूदादा मला ओसरीवर म्हणाला, शुभे, मी रागात टाकला दावा, काढून घेतो. वाल्याला दाखवू नको, तुझ्याकडेच ठेव, कुणी तारखेला जायची गरज नाही. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला. मी तो कागद घडी करून पिशवीत घातला आणि मनमाडला आणला. राखीला विचारलं, तेव्हा म्हणाला, मिटलं ते.

मला वाटलं मी तुला वाचवते आहे. त्याने मला वापरलं, आणि मी वापरू दिलं. आईची मांडी, तुझं जेल, पाडलेलं घर, सगळ्याला माझी सही आहे.

खोटी शपथ घेणं मला अवघड नव्हतं. कुणाला कळलंही नसतं. पण तुझ्याशी अजून एक खोटं बोलायचं बळ माझ्यात उरलं नाही. तो कागद माझ्याकडे आहे. मी तो संध्याताईंना नेऊन देणार आहे.

शुभांगी


नाशिकरोड, जेल
२ जून २०२५

शुभांगी,

महिनाभर लिहिलं नाय. उजव्या हाताला प्लास्टर हाय. भिंतीवर मारला. हे दुसऱ्याकडून लिहून घेतोय, म्हणजे आता जेलभर झालं.

तू समोर असतीस तर तुझं नरडं धरलं असतं. खोटं कशाला सांगू? रोज सकाळी उठतो अन् पहिलं तेच डोळ्यापुढं येतं. मी दत्तूवर दोन घाव घातले, ते चुकीच्या माणसावर घातले का, असा विचार येतो.

तुला वाटलं मी खून करीन. म्हणून तू नऊ महिने तोंडात मिठाची गुळणी धरून बसलीस. तारखा गेल्या, कोर्टानं मला हाका मारल्या, मी इकडं कांद्याला पाणी देत होतो. तू कागद दिला असता तर मी शिव्या दिल्या असत्या, दोन भांडी फोडली असती, कदाचित त्याला लोळवलाही असता. पण वकील लावला असता. घर उभं राहिलं असतं. आई चालत असती. तू मला जनावर समजलीस अन् मला जनावर करून टाकलंस.

तात्या गेल्यावर तू बापाच्या जमिनीतल्या हिश्श्याच्या हक्कसोडीवर सही केलीस, तेव्हा सगळ्या गावात सांगत होतो, माझी बहीण बघा. आता तोंड कुठं लपवू?

मुलाखतीला येऊ नको. आलीस तर मी बाहेर येणार नाय.

वाल्मीक


मनमाड
२० जुलै २०२५

दादा,

तू वाचशील की फाडशील माहीत नाही. पण हे कामाचं आहे, म्हणून वाच.

मी संध्याताईंकडे गेले होते. त्यांनी कागद पाहिला, मला दोन तास प्रश्न विचारले आणि मग म्हणाल्या, तुझी लाज हाच आपला पुरावा आहे. मला कळेना. त्यांनी समजावलं तसं लिहिते. समन्स ज्याचं त्याच्या हातात द्यायचं. तो सापडत नसेल तर त्याच्यासोबत राहणाऱ्या, त्याच्या घरातल्या मोठ्या माणसाच्या हातात. मी लग्न होऊन सोळा वर्षं मनमाडला राहते. त्या घरात मी एक दिवसाची पाहुणी होते. त्या घरात तर तूही राहत नाहीस, मळ्यात राहतोस, हे दत्तूला शेंबड्या पोरापेक्षा चांगलं ठाऊक होतं. तरी त्याने बेलिफाला मळा दाखवला नाही, आखाजी बघून ते दार दाखवलं.

पण तेवढ्याने भागत नाही. समन्स देण्यात चूक झाली, तरी माणसाला तारीख कळली होती आणि यायला वेळ होता असं दिसलं, तर कोर्ट हुकूमनामा मोडत नाही. नुसती खोट काढून कुणी सुटू नये म्हणून तसं आहे. म्हणून मला उभं राहून सांगावं लागेल की मी लपवलं, आणि तुला कळू दिलं नाही. वावर खरं कुणाचं हे आत्ता कोर्ट बघणार नाही. तुझं ऐकून न घेता निकाल दिला, तो ठेवायचा की मोडायचा, एवढंच बघणार.

तुलाही एक सांगावं लागेल. मी तुझ्यासोबत राहत नाही, मी तुमच्या घरातली नाही. त्यांचा वकील तेच फिरवून फिरवून विचारणार. सख्खी बहीण म्हणजे घरचीच ना, म्हणणार. तू रागाच्या भरात हो म्हणू नकोस आणि मायेच्या भरातही म्हणू नकोस. एकदा सरळ नाही म्हण.

अजून एक. दत्तूचा मनोज गेल्या मंगळवारी दोन पोरं घेऊन क्वार्टरवर आला होता. मी नळावर होते. केस धरून तोंड नळावर आपटलं. पुढचे दोन दात गेले, ओठाला पाच टाके आहेत. साक्ष दिलीस तर जीभ हातात देईन, म्हणाला. हे ड्युटीवरून येतच होते, लाइनवरचा मोठा पाना घेऊन धावले, तेव्हा पळाले तिघं. पोलिसांत दिलं आहे. यांनी मला विचारलं, आता काय करणार? म्हटलं, दात गेले, जीभ आहे अजून.

मी येणार आहे, दादा. तू बघ किंवा बघू नकोस.

शुभांगी


मनमाड
२० सप्टेंबर २०२५

दादा,

कोर्टात तुझ्याशी बोलता आलं नाही, म्हणून लिहिते.

पिंजऱ्यात माझा पदर ओठावर होता, जज्जसाहेब म्हणाले, बाई, स्पष्ट बोला. पदर काढला आणि सगळं सांगितलं. त्यांच्या वकिलाने अर्धा तास मला सोलून काढलं. भावाला वाचवायला खोटं बोलता का? म्हटलं, खोटं बोलायचं असतं तर सहीच नाकारली असती, ते सोपं होतं. दत्तूदादा पट्टी बांधलेल्या डोळ्याने समोर बसला होता. मी त्याचा डोक्यावर ठेवलेला हात सांगितला, तेव्हा त्याने मान खाली घातली. जज्जसाहेबांनी ते पाहिलं.

मग तुला उभं केलं. सख्खी बहीण, म्हणजे घरचीच ना? तू म्हणालास, नाय, ती आमच्या घरची नाय. जसं हवं होतं तसंच म्हणालास. कारकुनाने लिहून घेतलं. तेवढ्याने काम झालं होतं. वकील खाली बसले होते, पोलीस तुला न्यायला पुढे झाले होते. तेव्हा तू माझ्याकडे बघून परत म्हणालास, ती आमच्या घरची नाय. ते तुला कुणी विचारलं नव्हतं.

बाहेर व्हरांड्यात तू बेडीच्या हातांनी मनोजच्या तोंडावर ठोसा मारलास. पोलिसांनी तुझ्या पाठीत काठ्या घातल्या, मी ओरडत होते. माझ्या दातांसाठी मारलंस का त्याला? की नुसता हात शिवशिवत होता? मला कळलं नाही, आणि विचारायची सोय नव्हती.

शुभांगी


सायखेडा
१९ ऑक्टोबर २०२५

शुभांगीस,

तुला संध्याबाईंनी फोनवर सांगितलंच असंल. हुकूमनामा रद्द झाला. जज्जनं लिहिलंय की लग्न होऊन दुसऱ्या गावी नांदणारी बहीण सणाला आली म्हणून सोबत राहणारी होत नाय, प्रतिवादीला तारीख कळली नव्हती, अन् वादीनं फसवून दडवायला लावलं. दावा परत पहिल्यापासून. ताबा परत मिळायचा अर्जही मंजूर. परवा मला जामीन झाला. मळ्यात गेलो, दत्तूचं कुलूप घणानं तोडलं. तो बांधावर उभा होता, एका डोळ्यानं बघत. मी घण त्याच्याकडं फेकला. लागला नाय. मग तो निघून गेला.

भिंती पडल्यात, चुलीची जागा शाबूत हाय. आईला खाटेवर उचलून आणली. पत्र्याखाली निजते, पण सुखानं निजते.

आता महत्त्वाचं. भाऊबीजेला येऊ नको. वकीलबाई म्हणाल्या, दत्तू वरच्या कोर्टात जाणार. तू इथं येऊन राहिलीस अन् कुणी फोटो काढला तर तो म्हणंल, बघा, घरचीच हाय. मग सगळं फिरंल. दाव्याचा निकाल लागेपर्यंत मळ्यात पाय ठेवायचा नाय, असं त्या म्हणाल्या. दहा वर्षं लागतील नायतर पंधरा. कायद्यापुढं इलाज नाय. आईला मी सांगितलंय.

गावातल्या घरात तुझी लग्नाआधीची पत्र्याची पेटी होती, ती फुटली. सामान हलवताना नाय. मी फोडली.

वाल्मीक


मनमाड
२५ ऑक्टोबर २०२५

दादा,

भाऊबीजेला आले नाही. ताट केलं होतं, ते शेजारणीच्या भावाला ओवाळून मोकळं केलं.

काल संध्याताईंना फोन केला. म्हटलं, वर्षातून एक दिवस, आईला बघून संध्याकाळी परत फिरले तर चालेल का, की तेवढ्यानेही केस बिघडेल? त्या गोंधळल्या. म्हणाल्या, अगं, कोण म्हणालं येऊ नको म्हणून? एक दिवस जा, महिनाभर राहा, समन्स दिलं त्या दिवशी तू कुठे राहत होतीस एवढाच प्रश्न होता, तो संपला. मी वाल्मीकला असलं काहीच सांगितलेलं नाही.

मी त्यांना म्हटलं, माझंच ऐकण्यात काहीतरी चुकलं असेल.

आईला खरं सांगू नकोस. तिला कोर्टाचंच कारण राहू दे.

शुभांगी